काटा

खारीवाड्याच्या जेटीवर, पहाटे साडेचारला,
इसवणाच्या पाट्या उतरायच्या आधी
तो माझ्या काट्यावर उभा राहतो.
चपला बाजूला. घड्याळ बाजूला.
गळ्यातली पिवळ्या मण्यांची माळ माझ्या हातात.
पासष्ट किलो शंभर.
मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिते,
तिथे कुणाची उधारी नसते.

लारिए ओब्लिते.
आक्राच्या किनाऱ्यावर बापाची होडी होती,
म्हणून पेडव्याला हात लावून सांगतो, कालचा की आजचा.
जेटीवर सगळे त्याला नायजेरियन म्हणतात.
पहिल्या वर्षी तो दुरुस्त करायचा: घाना, घाना.
आता नुसता हात वर करतो.

मी वेंगुर्ल्याची. मुष्टियुद्धातलं मला काय कळणार?
पण वजन कळतं.
पहिल्या बावीस लढतींत एकोणीस जिंकला,
कमरेला पट्टा बांधून बापाच्या होडीत उभा असलेला फोटो आहे त्याच्याकडे,
कोपरा मिठाने खाल्लेला.
मग दुबईचा एक माणूस आला,
त्याने पासपोर्ट ठेवून घेतला अकरा महिने
आणि पट्टा दुसऱ्या कुणाचा तरी झाला, न लढताच.

त्यानंतर फोन येऊ लागले तीन दिवस आधी.
बँकॉक. कोलंबो. एकदा कुठे, ते त्यालाच आठवत नाही,
विमानतळ, हॉटेल, घंटा, विमानतळ.
पोस्टरवर समोरच्याचा फोटो दारभर,
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत याचं आडनाव,
तेही चुकलेलं.

पणजीला कसिनोच्या बोटीवर तो आठ फेऱ्या लढला.
मांडवी खालून हलत होती, म्हणाला,
माझे पाय होडीतले, मला काय त्याचं?
सहाव्या फेरीत शेठचा पोरगा गुडघ्यावर आला,
बायकांच्या हातातले ग्लास थांबले.
निकाल दोन विरुद्ध एक. शेठचा पोरगा.
मी सांगितलं, आमच्यात निवाडा करणाऱ्याला पंच म्हणतात.
तो एवढा हसला की
बर्फ फोडणारा पोरगा वळून बघायला लागला.
मग मीच आयुष्यभर पंच खातोय, म्हणाला,
दोन्ही प्रकारचे.

उजव्या हाताचं हाड मोडलं त्या पावसाळ्यात.
बागाला दारात उभा राहिला काळा शर्ट घालून,
दारूड्यांना अलगद उचलून रिक्षात ठेवायचा,
अंडी ठेवावीत तसा.
मासेमारी बंद होती, काटा गोणपाटाखाली.
तरी एकदा आला. गोणपाट काढायला लावलं.
बहात्तर.
ते लिहू नको, म्हणाला.
मी लिहिलं.

आणि मग मडगाव, फेब्रुवारीत.
हरियाणाचा पोरगा, चौदा लढती, चौदा विजय.
चौथ्या फेरीत डावा हात बरगडीखाली,
एवढाच, आखूड,
आम्ही सुरमईचं पोट उघडतो तेवढ्या अंतराचा.
पोरगा बसला तो बसलाच.
दुसऱ्या दिवशी पेपरात आलं:
ओल्या मॅटवर पाय घसरून अजिंक्य वीराचा पराभव.
ते कात्रण मी त्याला वाचून दाखवलं,
मराठीतून, मग माझ्या मोडक्या इंग्रजीतून.
वीर म्हणजे कोण, त्याने विचारलं.
मी म्हटलं, घसरलेला.

छत्तीस पूर्ण होतील श्रावणात.
डाव्या डोळ्याने त्याला माझा तराजूवाला हात दिसतो,
काट्यावरचे आकडे नाही.
म्हणून मी मोठ्याने सांगते,
आणि अलीकडे दोनदा
शंभर ग्रॅम कमी सांगितले.
त्याला कळलं असावं. माशाच्या घरातला आहे.

गुरुवारी कोलंबो. साडेत्रेसष्ट लागतात.
त्याने माळ घातली, रेनकोट चढवला,
रुळांच्या कडेने बायणाच्या दिशेने पळत सुटला.
होडीवरून कुणीतरी ओरडलं, ए नायजेरिया!
हात वर.

पाटी ठेवायच्या आधी काटा पुसावा लागतो.
ओल्या पावलांचे दोन ठसे होते,
डाव्याचा अंगठा जास्त रुतलेला.
तांडेल बोंबलत होता, बर्फ वितळत होता.
थांब रे, म्हटलं.